छायाचित्रांचें बिऱ्हाड

११ नोव्हेंबर २०२० या दिवशीं गूगल कंपनीनें आपल्या छायाचित्र-संग्रहाच्या सेवेसंबंधीं एक निवेदन प्रसिद्ध केलें. त्याची भाषा मोठी गोड होती. पण मुद्द्याचें वाक्य एवढेंच होतें कीं, १ जून २०२१ पासून ‘गूगल फोटोज’मध्यें नव्यानें ठेवलेलें प्रत्येक छायाचित्र ग्राहकाच्या वांट्याच्या १५ गीगाबाइट जागेंत मोजलें जाईल. त्यापूर्वीं सहा वर्षें, म्हणजे २८ मे २०१५ रोजीं ही सेवा सुरू झाली तेव्हांपासून, अशी मोजदाद नव्हती. छायाचित्र १६ मेगापिक्सेलपर्यंत आणि चलच्चित्र १०८० रेषांपर्यंत आखडून घेण्यास ग्राहक राजी असला, म्हणजे त्यानें वाटेल तेवढें ठेवावें. कंपनी एक पैसाही मागत नसे. निवेदन निघालें त्या वेळीं तेथें चार लाख कोटींहून अधिक छायाचित्रें सांठलीं होतीं आणि दर आठवड्यास २,८०० कोटी नव्या वस्तूंची त्यांत भर पडत होती, असें कंपनीनेंच सांगितलें होतें. सांठा एवढा फुगल्यावर त्याचें भाडें मागितलें गेलें, यांत आश्चर्य वाटण्याजोगें कांहीं नाहीं. आश्चर्य असलेंच तर तें भाडेकऱ्यांच्या निश्चिंतपणाचें आहे.

ही निश्चिंती कशी आली तें पाहण्यासारखें आहे. फितीच्या कॅमेऱ्याच्या काळीं एका रिळांत छत्तीस छायाचित्रें निघत. लग्न असो वा मुंज, छत्तीस घटकांच्या या शिध्यांत सारा समारंभ बसवावा लागे. धुलाईचे आणि छपाईचे पैसे मोजून हातीं आलेलीं चित्रें काळ्या पानांच्या आल्बममध्यें चिकटविलीं जात, आणि मागल्या बाजूस घरांतील कोणी तरी वडील माणूस तारीख व नांवें लिहून ठेवी. मोबाइल हातीं आल्यावर छत्तीसाची मर्यादा गेली, खर्च गेला, आणि त्यांबरोबर निवड करण्याची संवयही गेली. एका सत्यनारायणाचीं तीनशें छायाचित्रें निघूं लागलीं. तीं कोठें राहतात याचा विचार करण्याचें कारण उरलें नाहीं, कारण तीं आपोआप ‘वर’ जात. हें ‘वर’ म्हणजे आकाश नव्हे. कोणत्या तरी देशांतील एका प्रचंड इमारतींत फिरणाऱ्या तबकड्या, त्यांना लागणारी वीज, त्या थंड ठेवणारी यंत्रें आणि त्यांवर देखरेख करणारीं पगारी माणसें, एवढा सारा संसार त्या एका शब्दामागें उभा असतो. तो फुकट चालत नाहीं. त्याचा खर्च फक्त काहीं काळ दुसरें कोणी तरी सोसत असतें.

१५ गीगाबाइट ही जागा ऐकावयास मोठी वाटते. पण ती एकट्या छायाचित्रांची नव्हे. त्याच खात्यांतील टपाल आणि इतर कागदपत्रें तीच जागा वापरतात. आजच्या मोबाइलचें एक छायाचित्र मूळ स्वरूपांत चार मेगाबाइटचें धरलें, तर सर्व जागा रिकामी असतांनाही तींत पावणेचार हजार छायाचित्रें मावतील. चलच्चित्र घेतल्यास एका मिनिटास शंभरावर मेगाबाइट सहज खर्ची पडतात. नातवाच्या स्नेहसंमेलनांतील एक नाच हा शेंदोनशें छायाचित्रांच्या बरोबरीचा असतो. दहांतल्या आठ ग्राहकांना ही जागा सुमारें तीन वर्षें पुरेल असा कंपनीचा त्या वेळचा अंदाज होता. आतां ती मुदतही उलटून गेली आहे. ती भरल्यावर काय होतें हें पुष्कळांना ठाऊक नसतें: नवीं छायाचित्रें चढत नाहींत एवढेंच नव्हे, तर त्या खात्यावरील टपालही येण्याजाण्याचें थांबतें. बँकेचें वा विमा कंपनीचें पत्र न येण्याचें कारण गेल्या दिवाळींतील फराळाच्या ताटाचीं चाळीस छायाचित्रें हें असूं शकतें.

आणि या गर्दींत खरीं छायाचित्रें किती? व्हॉट्सॲपवरून रोज सकाळीं येणारीं फुलें, सूर्योदय आणि सुविचार यांनीं भारतांतील मोबाइल भरून जातात, हें गूगललाही दिसून आलें होतें. २०१८ च्या आरंभीं त्या कंपनीनें अशीं ‘सुप्रभात’ चित्रें हुडकून काढून पुसणारी एक सोय खास भारतीय ग्राहकांकडे पाहून केली. आपल्या सौजन्याचा कचरा उपसण्यास परदेशीं यंत्र बसवावें लागलें, ही गोष्ट करमणुकीची खरी. पण तिचा उपयोगही आहे. कोणताही पर्याय शोधण्यापूर्वीं हा केर काढला, तर प्रश्न निम्मा होतो.

तथापि उरलेल्या निम्म्यांत जें असतें त्याचें मोल वेगळें आहे. ठरलेली १ जून २०२१ ही तारीख उजाडली ती करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर लगेचच. त्या एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रांतील किती तरी घरांतून माणसें गेलीं, आणि पुष्कळांच्या अंत्यदर्शनासही घरचे जाऊं शकले नाहींत. अशा घरांत गेलेल्या माणसाचा मोबाइल तेवढा परत आला. त्यांत त्याचा आवाज होता, त्यानें स्वतः काढलेलीं छायाचित्रें होतीं, रुग्णालयांतून पाठविलेलें शेवटचें हातवारे करणारें चलच्चित्र होतें. त्या मोबाइलचा परवलीचा शब्द कोणास ठाऊक होता, कोणास नव्हता. अशा वेळीं सांठवणीच्या जागेचा प्रश्न हा यंत्राच्या हौशीचा प्रश्न राहत नाहीं.

फुकटची जागा बंद होण्याचा हा पहिला प्रसंग नव्हता. याहू कंपनीची छायाचित्र-सेवा २००७ सालच्या सप्टेंबरमध्यें बंद झाली. ग्राहकांनीं आपला संग्रह फ्लिकर, कोडॅक गॅलरी, शटरफ्लाय, स्नॅपफिश आणि फोटोबकेट या पांचांपैकीं कोठें तरी हलवावा असें त्या वेळीं सुचविलें गेलें होतें. पुढची हकीकत बोधप्रद आहे. ज्यांनीं कोडॅकचें नांव पाहून तेथें बिऱ्हाड केलें (आणि छायाचित्रांच्या बाबतींत कोडॅकहून विश्वासाचें नांव त्या काळीं दुसरें कोणतें होतें?) त्यांच्यावर पांच वर्षांतच पुन्हा सामान बांधण्याची पाळी आली. जानेवारी २०१२ मध्यें कोडॅकनें दिवाळखोरीचा अर्ज केला आणि जुलैमध्यें ती गॅलरी बंद होऊन तिच्यांतील चित्रें शटरफ्लायच्या स्वाधीन झालीं. जे फोटोबकेटकडे गेले त्यांना २०१७ च्या उन्हाळ्यांत असें आढळलें कीं, तेथें ठेवलेलीं चित्रें इतर ठिकाणीं दाखवावयाचीं तर वर्षाला जवळजवळ चारशें डॉलर द्यावे लागतील. जे फ्लिकरकडे गेले त्यांना २०१३ पासून एक संपूर्ण टेराबाइट जागा फुकट मिळाली. परंतु २०१८ मध्यें मालक बदलला, आणि २०१९ पासून फुकटच्या खात्यास एक हजार छायाचित्रांची मर्यादा पडली. जास्तीचीं चित्रें पुसलीं जातील, असें तेव्हां जाहीर झालें होतें.

मराठी घरांना अधिक जवळचें उदाहरण ऑर्कुटचें. ब्राझील आणि भारत या दोन देशांत त्याला मोठी लोकप्रियता लाभली होती. कॉलेजच्या सहलींचीं, वसतिगृहांतील वाढदिवसांचीं, नव्यानें अमेरिकेस गेलेल्या मुलांच्या पहिल्या बर्फाचीं छायाचित्रें तेथें असत. ३० सप्टेंबर २०१४ रोजीं ऑर्कुट बंद झालें. आपला संग्रह उतरवून घेण्यास आणखी दोन वर्षांची मुदत होती. ती कमी म्हणतां येणार नाहीं. तरीही वरातीमागून घोडें नाचविणारे पुष्कळ निघाले, कारण ज्या पत्त्यावर सूचना येत होत्या तो पत्ताच त्यांनीं केव्हांचा सोडला होता. आणि सूचना न देतां जाणारें नुकसान तर निराळेंच: मायस्पेस या अमेरिकन सेवेनें मार्च २०१९ मध्यें असें कबूल केलें कीं, सामान एका यंत्रांतून दुसऱ्या यंत्रांत हलवितांना तिच्या हातून २०१५ पर्यंतच्या बारा वर्षांचीं गाणीं, छायाचित्रें आणि चलच्चित्रें गमावलीं गेलीं.

मग करावें काय? सर्वांत सोपा मार्ग म्हणजे भाडें भरणें. २०२१ सालीं गूगलच्या १०० गीगाबाइट जागेस भारतांत महिना १३० रुपये पडत. एका वेळच्या नाश्त्याच्या खर्चांत महिनाभराची निश्चिंती मिळत असेल तर ती घेण्यांत कमीपणा नाहीं, आणि ज्या घरांत संगणकाची झटापट करणारें कोणी नाहीं तेथें हाच मार्ग योग्य ठरेल. मात्र भाडें हें भाडेंच. तें वाढूं शकतें, कार्डाची मुदत संपून चुकूं शकतें, आणि सांठा वाढला कीं वरच्या पायरीचा दर द्यावा लागतो. एकदां दोन टेराबाइट भरले म्हणजे ग्राहकाला तेथून हलणें जवळजवळ अशक्य होतें, ही गोष्ट भाडें ठरविणाऱ्यास चांगली ठाऊक असते.

दुसरा मार्ग दुसऱ्या कोणाच्या फुकटच्या जागेचा. तो फारसा लांब जात नाहीं. ॲपलच्या आयक्लाउडमध्यें आणि मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हमध्यें ५ गीगाबाइट, ड्रॉपबॉक्समध्यें २ गीगाबाइट एवढीच जागा फुकट मिळते. मायक्रोसॉफ्टची तर पूर्वीं १५ होती, ती २०१६ मध्यें पांचावर आली. ऑगस्ट २०२४ मध्यें रिलायन्सनें जिओच्या ग्राहकांस त्या दिवाळीपासून १०० गीगाबाइटपर्यंत जागा फुकट देण्याची घोषणा केली. ‘फुकट तें पौष्टिक’ म्हणणाऱ्यांनीं ती अवश्य घ्यावी. २०१५ सालच्या गूगलच्या घोषणेचेंही असेंच स्वागत झालें होतें, एवढें ध्यानांत ठेवून घ्यावी म्हणजे झालें.

तिसरा मार्ग म्हणजे विंचवाप्रमाणें आपलें बिऱ्हाड आपल्या पाठीवर ठेवणें. काहीं हजार रुपयांत एक टेराबाइटची हार्ड डिस्क मिळते. वर धरलेल्या हिशेबानें तींत अडीच लाख छायाचित्रें मावतात, म्हणजे एका कुटुंबाच्या दोन पिढ्या. परंतु येथें एक समज दूर करणें अवश्य आहे. डिस्क विकत आणली म्हणजे छायाचित्रें सुरक्षित झालीं असें नव्हे. फिरत्या तबकडीची डिस्क हातून पडते, दमट हवेंत खराब होते, आणि कांहीं वर्षांच्या वापरानंतर एके दिवशीं टकटक आवाज करून गप्प बसते. कपाटांत वर्षानुवर्षें पडून राहिलेल्या पेन-ड्राइव्हचाही भरंवसा धरवत नाहीं. म्हणूनच पीटर क्रॉग या अमेरिकन छायाचित्रकारानें रूढ केलेला हिशेब जगभर मानला जातो: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर. पुण्यांतल्या घरीं एक डिस्क, दुसरी ठाण्यास बहिणीच्या घरीं, आणि निवडक चित्रें भाड्याच्या जागेंत, अशी व्यवस्था कोणत्याही मध्यम स्थितींतल्या कुटुंबास झेपण्यासारखी आहे. बहिणीकडची डिस्क दर दिवाळीला भाऊबीजेच्या निमित्तानें बदलून आणावी.

घराबाहेरची प्रत हा चैनीचा भाग नव्हे. जानेवारी २००३ मध्यें पुण्यास फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारांत जुन्या नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागली आणि भारतीय चित्रपटांच्या आरंभकाळांतील किती तरी मूळ फिती तींत जळाल्या. ज्यांच्या प्रती दुसऱ्या ठिकाणीं उतरविलेल्या होत्या ते चित्रपट आजही पाहतां येतात. संग्रहाचें काम जाणणाऱ्यांच्या हाताखालीं जें घडूं शकतें, तें घरांतल्या कपाटांत घडणार नाहीं असें कोणीं म्हणावें? जुलै २००५ च्या पुरांत मुंबईच्या तळमजल्यावरील घरांतून भिजलेले आल्बम वाळत घातलेले ज्यांनीं पाहिले असतील, त्यांना हें निराळें सांगावयास नको.

जाणकार लोक चौथा मार्ग धरतात. घरांतच एक लहानसा संगणक बारा महिने चालू ठेवून त्यावर नेक्स्टक्लाउड किंवा २०२२ पासून पुढें आलेलें इमिच यासारखी मुक्त प्रणाली बसवितात. मोबाइलमधील छायाचित्रें मग आपोआप घरच्याच यंत्रांत येतात. चेहऱ्यावरून आणि तारखेवरून शोधण्याची सोयही मिळते. घरांत या कामाची आवड असलेला मुलगा वा मुलगी असेल तर ही फारच चांगली सोय आहे. पण तीच मुलगी पुढें नोकरीसाठीं बंगळूरला गेली, म्हणजे त्या यंत्राची विचारपूस कोण करणार, हें आधीं ठरवावें.

मार्ग कोणताही निवडला तरी सामान बाहेर काढण्याचें काम आहेच, आणि खरी फसगत तेथें होते. गूगलनें २०११ पासून ‘टेकआउट’ नांवाची सोय ठेवली आहे. मागणी नोंदविली म्हणजे सारा संग्रह मोठमोठ्या गठ्ठ्यांत बांधून मिळतो. तो उतरवून घेण्यास सात दिवसांची मुदत असते. आळशी इंटरनेटवर मोठा गठ्ठा मध्येंच तुटतो, म्हणून लहान गठ्ठे मागावे हें बरें. याहून महत्त्वाची गोष्ट पुढें आहे. मोबाइलनें काढलेल्या छायाचित्राच्या पोटांत त्याची तारीख लिहिलेली असते, त्यामुळें तें कोठेंही नेलें तरी ओळख देतें. पण आजीच्या ट्रंकेंतून निघालेलें, कोणी तरी हौसेनें यंत्रावर उतरवून ठेवलेलें १९५८ सालचें छायाचित्र घ्या. त्याला १९५८ ही तारीख आणि खालचीं नांवें नातवानें गूगलमध्यें बसून हातानें लिहिलेलीं असतात. गठ्ठा उघडल्यावर ती माहिती चित्रांत नसते. चित्राशेजारीं ठेवलेल्या, ‘जेसॉन’ अशा चमत्कारिक नांवाच्या निराळ्या चिठ्ठींत असते. त्या चिठ्ठ्या निरुपयोगी समजून पुसून टाकणारे लोक थोडेथोडके नाहींत. चित्रें राहतात आणि आजीचें साल जातें. ही माहिती पुन्हा चित्रांत भरणारीं साधनें मिळतात. तीं वापरून होईपर्यंत एकही चिठ्ठी फेकूं नये. जुलै २०२४ पासून गूगलमधून थेट आयक्लाउडमध्यें संग्रह पाठविण्याचीही सोय झाली आहे. ॲपलचे ग्राहक असतील त्यांचे श्रम तिनें वांचतील.

आणखी एक घोटाळा असा कीं, जोडून ठेवणें आणि प्रत ठेवणें हीं एकच समजलीं जातात. मोबाइल आणि ‘वरचा’ संग्रह हे एकमेकांस जोडलेले असतात. गूगलच्या छायाचित्र-दालनांतून मोबाइलवरचें चित्र पुसलें, तर वरचेंही पुसलें जातें. जागा मोकळी करण्याच्या भरांत अशा रीतीनें मुलाच्या बारशाचीं चित्रें दोन्हीकडून गेल्याचीं उदाहरणें घरोघर ऐकूं येतात. साठ दिवसांच्या आंत कचऱ्याच्या टोपलींत डोकावलें तर तीं परत मिळतात. तसेंच १ जून २०२१ पूर्वीं आखडत्या स्वरूपांत ठेवलेल्या जुन्या चित्रांची मोजदाद अद्याप होत नाहीं. तीं स्वच्छतेच्या उत्साहानें उतरवून पुन्हा चढविलीं, तर मात्र तीं नव्या चित्रांप्रमाणें जागा खातील. जुनें बिऱ्हाड जेथें फुकट आहे तेथून तें उठवूं नये. त्याची प्रत घ्यावी. कुटुंबांत एकमेकांस छायाचित्रें पाठवितांना व्हॉट्सॲपवर तीं नेहमींच्या रीतीनें पाठविलीं तर लहान होतात आणि पोटांतील तारीखही गमावतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविलीं तर जशींच्या तशीं पोहोंचतात.

आणि छपाई? तिला हंसूं नये. वर्षाअखेर शंभर चित्रें निवडून चांगल्या कागदावर छापून घेतलीं, तर वीज, परवलीचा शब्द आणि मासिक भाडें यांवांचून तीं पाहतां येतात. निवडण्याची संवय परत येते हा त्यांतला दुसरा लाभ. तीनशें छायाचित्रांतून तीन निवडावयास बसलें म्हणजे घरांत जो वाद होतो, त्यांत त्या दिवसाच्या पुष्कळ विसरलेल्या गोष्टी निघतात. मागील बाजूस पेन्सिलीनें नांवें लिहावींत. शाईचे डाग पुढल्या बाजूस उमटतात.

राहतां राहिला तो वारसाचा प्रश्न. दोन वर्षें कोणीच न उघडलेलीं खातीं आंतील मजकुरासह काढून टाकण्याचें धोरण गूगलनें २०२३ मध्यें जाहीर केलें आणि त्या वर्षाच्या डिसेंबरपासून तें अमलांत येऊं लागलें. गेलेल्या माणसाचें खातें कोणीच उघडीत नाहीं. यासाठीं २०१३ पासून ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नांवाची एक सोय त्याच खात्याच्या मांडणींत आहे. खातें किती महिने निपचित राहिलें म्हणजे तें बंद समजावें हें तेथें स्वतः धन्यानें ठरवावयाचें असतें. तीन, सहा, बारा वा अठरा. त्यानंतर ज्यांना कळवावें आणि ज्यांना आंतील छायाचित्रें मिळावींत अशा दहा जणांपर्यंत नांवें देतां येतात. तें भरावयास दहा मिनिटें पुरतात. घरांतील वडील मंडळींच्या मोबाइलवर तें आहे कीं नाहीं, हें त्यांच्यासमक्ष बसून त्यांनाच विचारावें लागतें. बहुतेक ठिकाणीं तो रकाना अजून कोराच असतो.